अजिंठ्याच्या प्रती आणि कुलपातल्या नोंदी

डिसेंबर १८६६ मध्ये लंडनजवळ सिडनहॅम इथल्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या तैलप्रती तिच्यात जळून गेल्या. या प्रती मद्रास सैन्यातल्या रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याने काढल्या होत्या. जेम्स फर्ग्युसनने १८४३ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे भारतातल्या लेण्यांवर निबंध वाचला, ही चित्रे डोळ्यांदेखत नष्ट होत आहेत असे कळकळीने सांगितले, आणि पुढच्याच वर्षी गिलची नेमणूक झाली. वाघूरच्या खोऱ्यात, तापाच्या साथी आणि अपुरी साधने यांना तोंड देत, त्याने वर्षानुवर्षे ते काम केले. प्रदर्शनात नसलेल्या मोजक्या प्रती तेवढ्या वाचल्या. सरकारने मग हे काम मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे सोपवले. १८७२ पासून त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन नव्याने प्रती काढल्या. पुढे नामांकित चित्रकार झालेले पेस्तनजी बोमनजी त्या विद्यार्थ्यांपैकी एक. त्या प्रतीही लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात रवाना झाल्या आणि १८८५ च्या जून महिन्यात तिथे लागलेल्या आगीत त्यांतल्या कितीतरी जळाल्या. वीस वर्षांच्या आत एकाच लेण्याच्या प्रती दोनदा भस्मसात झाल्या. आपल्याकडे ही हकिकत दुर्दैवाची म्हणून सांगितली जाते. तिच्यात दुर्दैव आहेच, पण त्याहून मोठा भाग व्यवस्थेच्या चुकीचा आहे, आणि ती चूक आपण आजही करतो आहोत.

चूक कोणती, हे काय उरले याकडे पाहिले की समजते. तैलप्रती काढणाऱ्या त्याच गिलने अजिंठा-वेरूळची छायाचित्रेही घेतली होती. ती फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ साली पुस्तकरूपाने निघाली आणि निरनिराळ्या ग्रंथालयांत जाऊन पोहोचली. ती छायाचित्रे आजही पाहता येतात. ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांचे दोन मोठे खंड छापले, तेही शाबूत आहेत. निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात चार भागांत अजिंठा प्रसिद्ध केला, तोही अभ्यासकांच्या हाती आहे. म्हणजे जे एका दालनात ठेवले ते जळाले आणि जे वाटले गेले ते टिकले. कॅनव्हासपेक्षा कागद कणखर असतो म्हणून हे घडलेले नाही. एक जागा गेली तरी दुसऱ्या जागी प्रत उरेल, अशी सोय छापील पुस्तकाच्या प्रसारात आपोआप झालेली होती. पुरातत्त्वीय नोंद जपण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग ती खुली करणे हा आहे. खुलेपणा हा संरक्षणानंतर, सवडीने करायचा उपकार नसून संरक्षणाचाच भाग आहे. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे आणि ते पटण्यासाठी अजिंठ्याच्या पलीकडे जायला हवे.

अजिंठ्यात निदान मूळ चित्र भिंतीवर उरले होते. उत्खननात तेही उरत नाही. पुरातत्त्वज्ञ एखादा चर खणतो तेव्हा वरचा थर काढल्याशिवाय खालचा दिसत नाही, आणि काढलेला थर पुन्हा रचता येत नाही. खापर कोणत्या थरात, कोणत्या चुलीशेजारी, जमिनीपासून किती खोल सापडले, हे त्या क्षणी वहीत उतरले तर उतरले. म्हणून उत्खनन झालेल्या जागेच्या बाबतीत क्षेत्रवही, स्तरछेदांची रेखाटने, मोजमापांचे तक्ते आणि छायाचित्रे मिळून जे बाड तयार होते, तेच यापुढे ते स्थळ असते. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव इथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बारा हंगाम उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या नावाने त्याचा भरभक्कम अहवाल १९८८ मध्ये निघाला. ताम्रपाषाणयुगातल्या एका महाराष्ट्रीय खेड्याचे इतके बारकाईचे चित्र त्याआधी कुणी उभे केले नव्हते. घरांच्या जमिनीखाली मुलांची दफने होती. दोन मातीचे कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले आणि त्यांत लहानग्याची हाडे. मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडलेले. आणि एका भल्या मोठ्या चारपायी रांजणात बसवून पुरलेला एक पुरुष असा, की त्याचे पाय मात्र शाबूत होते. यावरून त्या समाजातल्या श्रद्धांबद्दल आणि मानमरातबाबद्दल पुष्कळ लिहिले गेले.

पण इनामगावचे खरे महत्त्व मला त्याच्या पुढच्या प्रवासात वाटते. इसवीसनपूर्व १००० च्या सुमारास पाऊसमान घटले, शेती बसली, मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या आणि लोक पुन्हा अर्धभटके झाले, अशी मांडणी ढवळीकरांनी केली. ती अनेक वर्षे मान्य होती. इनामगाव, नेवासे आणि दायमाबाद इथले मानवी सांगाडे मात्र जपून ठेवलेले होते. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी मुलांच्या त्या हाडांची नव्या पद्धतीने मोजमापे घेतली आणि २०११ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. मुलांच्या वाढीवर आलेला ताण त्यांना हाडांत दिसला, पण त्याचे सगळे खापर एकाएकी कोरड्या झालेल्या हवामानावर फोडणे त्यांना पटले नाही. कोण बरोबर, याचा निकाल इथे लावायचा नाही. ढवळीकरांचा निष्कर्ष तपासता आला, यातच ढवळीकरांच्या कामाचा गौरव आहे. जो निष्कर्ष कुणालाच तपासता येत नाही त्याला शास्त्र म्हणत नाहीत, मत म्हणतात. मूळ सामग्री पुण्यात होती आणि ती पाहू दिली गेली, म्हणून हा वाद उभा राहिला. देशातल्या अनेक उत्खननांच्या नशिबी हे नाही. हंगामाचा चार ओळींचा गोषवारा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वार्षिक आढाव्यात छापून येतो आणि सविस्तर अहवाल दशकानुदशके निघत नाही. दरम्यान उत्खनन करणारा निवृत्त होतो, पेटाऱ्यांवरच्या चिठ्ठ्या पुसट होतात आणि वह्यांतली संक्षेपचिन्हे समजून सांगणारा कुणी राहत नाही. अशा ठिकाणी जमीन खणली गेली आणि ज्ञानही मिळाले नाही. त्यापेक्षा ती जागा तशीच मातीखाली राहिलेली बरी होती.

निव्वळ आकडे जपून किती मिळते, याचे उत्तम उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीचे. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. नाणी क्षहरात वंशातला क्षत्रप राजा नहपान याची होती आणि संख्या तेरा हजारांवर. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ती तपासली आणि १९०८ मध्ये मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांची हकिकत दिली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. नहपानाच्या मुखवट्यावर सातवाहनांचे टेकडीचे चिन्ह उमटलेले. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीच्या लेखात तिच्या मुलाने क्षहरात वंश निःशेष केला असे कोरलेले आहेच, पण आईने मुलाची केलेली स्तुती आणि बाजारात फिरणारे चलन हे दोन वेगळे साक्षीदार आहेत. पराभूत राजाच्या चलनापैकी किती हिस्सा नव्या राजाने ताब्यात घेऊन आपलासा केला, हे त्या मोजणीमुळे कळले. स्कॉट यांनी दहावीस देखणी नाणी निवडून बाकीची सोडून दिली असती तर हा पुरावा हातचा गेला असता. आणि तरीही जे गेले ते मोठे आहे. पुढे ही नाणी देशोदेशीच्या संग्रहालयांत आणि खासगी संग्रहांत पांगली. प्रत्येक नाण्याचे वजन, त्यावरचा मूळ छाप आणि पुन्हा ठोकलेल्या चिन्हाची जागा यांची एकत्र नोंद आज असती, तर किती टाकसाळी होत्या, काम किती घाईत उरकले, याचा अंदाज बांधता आला असता. रोमन साम्राज्याच्या नाण्यांसाठी असे काम झालेले आहे. अनेक संग्रहालयांनी आपापल्या नाण्यांची माहिती एकाच ठरावीक साच्यात खुली केली आणि अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीने ती एका ठिकाणी शोधता येईल अशी जोडली. नाणी आपापल्या कपाटांतच राहिली, तरी साठे पुन्हा एकत्र पाहता येऊ लागले. सातवाहन-क्षत्रप नाण्यांच्या बाबतीत हे करण्याचा मान महाराष्ट्राचा आहे आणि त्यासाठी एकही नाणे जागचे हलवावे लागणार नाही.

वास्तूंची गत याहून वाईट. कॅगने २०१३ च्या अहवालात ९२ केंद्रसंरक्षित स्मारके जागेवर सापडत नाहीत असे नोंदवले. पुढे शोध घेऊन त्यांतल्या काहींचा ठावठिकाणा लागला. डिसेंबर २०२२ मध्ये संसदेच्या समितीपुढे उरलेल्या ५० स्मारकांचा हिशेब आला तो असा : १४ वाढत्या शहरांनी गिळली, १२ धरणांच्या पाण्याखाली गेली आणि २४ कुठे आहेत हेच कळत नाही. हरवलेल्यांच्या यादीत पुण्यातले एक जुने युरोपीय थडगेही होते. एखादे स्मारक पाडले जाणे समजू शकते, पण संरक्षित स्मारक कुठे होते हेच न सापडणे म्हणजे त्याची नोंदच कधी नीट झाली नव्हती. जुन्या अधिसूचनांत गावाचे नाव आणि मोघम वर्णन, एवढाच पत्ता असे. गावांची नावे इंग्रज अधिकाऱ्याच्या कानाला ऐकू आली तशी लिहिलेली, आणि आज ती शोधायची तर एकाच गावाची चार स्पेलिंगे हुडकावी लागतात. ज्यांना कसलेच संरक्षण नाही, त्यांचे तर बोलायलाच नको. नदीकाठच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांची माती शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या खत म्हणून वाहून नेत आले आहेत, आणि आता तेच काम जेसीबी एका दुपारी उरकतो. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. ते टेकाड म्हणजे सातवाहनकालीन वस्ती आहे, हे सांगणारा नकाशा त्याच्या तलाठ्याकडे नाही, आणि असला तरी एखाद्या प्रबंधाच्या परिशिष्टात, विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.

साधनांची अडचण आता राहिलेली नाही, हे सविस्तर सांगायला हवे. गावाच्या वेशीवरची वीरगळ घ्या. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर कलश. वर्षानुवर्षे शेंदूर आणि तेल चढून, अलीकडे तर ऑइलपेंट फासून, कडेपट्टीवरची अक्षरे बुजलेली असतात. पूर्वी ठसा घ्यायचा तर दगड घासून धुवावा लागे, ओला कागद ब्रशने ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवावा लागे आणि वर शाई थापावी लागे. अजिंठ्यात तर प्रती काढताना रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर वार्निश चढवले गेले. ते पुढे काळवंडले आणि काढता काढता संवर्धकांच्या नाकी नऊ आले. आता दगडाला बोटही लावावे लागत नाही. वीरगळीभोवती फिरत, प्रत्येक फोटोचा बराचसा भाग पुढच्या फोटोतही यावा अशा बेताने पाचपन्नास फोटो काढायचे, बाजूला मापाची पट्टी ठेवायची. मेशरूम किंवा कोलमॅप यांसारख्या मोफत आणि खुल्या संगणकप्रणाली त्यांतून त्रिमितीय प्रतिकृती बांधून देतात. मग पडद्यावर त्या प्रतिकृतीवर हव्या त्या बाजूने तिरपा प्रकाश टाकता येतो आणि भर उन्हात न दिसणारी अक्षरे सावलीमुळे उठून येतात. कॅमेरा स्थिर ठेवून प्रकाशाची दिशा बदलत फोटो घेण्याचे तंत्र २००१ पासून प्रसिद्ध आहे, आणि झिजलेल्या लेखांसाठी त्याच्याइतके उपयोगी दुसरे काही क्वचितच असेल. ठिकाण क्यूजीआयएस या मोफत नकाशाप्रणालीत टिपता येते. पूर्वी नकाशांवर परवानग्यांचा पहारा होता. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीयांसाठी तो बराच सैल केला. युनिकोडमध्ये ब्राह्मी २०१० पासून आणि मोडी २०१४ पासून आहे, म्हणजे लेखाचे वाचन त्याच लिपीत, शोधता येईल असे नोंदवता येते. कोणत्याही तालुक्याच्या महाविद्यालयातला इतिहास विभाग हे सगळे एका उन्हाळी सुट्टीत करू शकतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो चोरीचा. ठिकाणे जाहीर केली की मूर्तिचोर आणि गुप्तधनवाले आधी पोहोचतील, असे अनेक जबाबदार अधिकारी म्हणतात, आणि ही भीती खरी आहे. पण खुलेपणा म्हणजे प्रत्येक गोष्टीचा अचूक पत्ता चव्हाट्यावर मांडणे नव्हे. इंग्लंड आणि वेल्समध्ये सामान्य लोकांना सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणारी योजना १९९७ पासून चालू आहे. तिथल्या नोंदींची संख्या दहा लाखांच्या कितीतरी पुढे गेली आहे. वस्तूचे छायाचित्र, माप, काळ सगळ्यांना दिसतो. सापडलेली जागा मात्र मुद्दाम ढोबळ दाखवतात, आणि नेमका पत्ता लागणाऱ्या अभ्यासकाला तो रीतसर मागावा लागतो. दुसरे असे की चोराला आपल्या यादीची गरज कधीच नव्हती, त्याची माहिती स्थानिक असते. मूर्ती चोरीला गेल्यावर ती परदेशी लिलावात ओळखायला मात्र आपल्याला तिचा दिनांकित फोटो लागतो. परत आलेल्या अनेक भारतीय मूर्ती जुन्या छायाचित्रांवरूनच ओळखल्या गेल्या. ज्या मूर्तीची नोंद नाही ती आपली आहे, हे न्यायालयात सिद्ध कसे करणार?

दुसरा आक्षेप संशोधकांचा, आणि तो मला अधिक विचार करण्याजोगा वाटतो. ज्याने उन्हातान्हात दहा वर्षे खणले, त्याच्या नोंदी दुसऱ्याने आयत्या वापरून पुस्तक काढायचे, हा अन्याय नाही का? आहे. म्हणून मुदत असावी. हंगाम संपल्यावर ठरावीक वर्षे पहिला हक्क खणणाऱ्याचा, त्यानंतर सामग्री खुली. सामग्रीच्या संचाला स्वतंत्र ओळखक्रमांक मिळतो, तो वापरणाऱ्याने मूळ संशोधकाचा उल्लेख करणे बंधनकारक असते, आणि नोकरी-बढतीच्या वेळी असा संच निबंधाइतकाच मोजला गेला तर कुणी हात आखडता घेणार नाही. वसाहतकाळाचा अनुभव असलेले लोक आणखी एक शंका काढतात : आपला माल पुन्हा बाहेरच्यांच्या घशात जाणार. पण ग्रिफिथ्स यांच्या उरलेल्या प्रती आजही लंडनच्याच संग्रहालयात आहेत, आणि त्या संग्रहालयाने चित्रे इंटरनेटवर ठेवली म्हणूनच जळगावच्या विद्यार्थ्याला त्या पाहता येतात. बंद दारांचा फायदा ज्याच्या हाती किल्ली आहे त्यालाच होतो, आणि ती किल्ली बहुतेक वेळा आपल्या हाती नसते. नोंदी कुठे ठेवायच्या, कोणत्या भाषेत लिहायच्या, ज्या समाजाच्या देवस्थानाचा प्रश्न आहे त्याला विचारायचे की नाही, हे आपण ठरवायला हवे. माहिती मराठीत लिहिली नाही तर ज्यांच्या गावाची आहे त्यांच्यासाठी ती बंदच राहील.

डिजिटल प्रत टिकत नाही, हाही आक्षेप वाजवी आहे. बीबीसीने १९८६ मध्ये ब्रिटनचे मोठे लोकवर्णन लेझर चकत्यांवर साठवले. पंधरा-सोळा वर्षांत त्या चकत्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली, आणि ज्या अकराव्या शतकातल्या ग्रंथाच्या स्मरणार्थ हे केले होते तो मात्र वाचता येत होता. पण या उदाहरणातही दोष एका यंत्रावर आणि एका कंपनीच्या साच्यावर विसंबण्याचा आहे. गिलच्या प्रती एका दालनात होत्या, त्यातलाच हा प्रकार. साधा मजकूर, साधे तक्ते, सर्वांना वाचता येतील असे चित्रांचे साचे, आणि निरनिराळ्या संस्थांत ठेवलेल्या प्रती, हा यावरचा उपाय यॉर्कची आर्किऑलॉजी डेटा सर्व्हिस १९९६ पासून राबवते आहे. त्याला पैसा लागतो, माणसे लागतात. तो खर्च उत्खननाच्या अंदाजपत्रकातच धरला पाहिजे.

उरला शेवटचा आक्षेप, की अर्धवट जाणकार भलते अर्थ काढतील. पण अलिबागजवळच्या अक्षीच्या शिलालेखावर तर तज्ज्ञांतही मतभेद आहेत. शं. गो. तुळपुळे यांनी त्याचा काळ शके ९३४ धरला, म्हणजे तो उपलब्ध मराठी लेखांत सर्वांत जुना ठरतो, आणि काहींना हा काळ मान्य नाही. हा वाद आकड्यांच्या वाचनाचा आहे आणि दगड समुद्राच्या हवेत झिजतो आहे. प्रत्येक पिढीने घेतलेली छायाचित्रे आणि ठसे शेजारी ठेवून पाहता आले तरच तो सुटू शकेल. भलते अर्थ आजही मोबाइलवर बिनदिक्कत फिरतात. त्यांना खोडायला आपल्याकडे मूळ लेखाचे स्वच्छ चित्र दाखवण्याची सोय नाही, ही खरी अडचण आहे.

तेव्हा राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाने आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खननाचा परवाना देतानाच तीन अटी घालाव्यात : नोंदी खुल्या साच्यात जमा करायच्या, त्या ठरावीक मुदतीत सर्वांसाठी उघडायच्या, आणि मागचे उत्खनन असे जमा केल्याशिवाय नवा परवाना मिळणार नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटले, त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत. त्या किल्ल्यांची मोजमापे, नकाशे आणि छायाचित्रे यांपासून सुरुवात करता येईल, कारण नामांकनासाठी ते काम झालेलेच आहे. आणि वाचकांनी परवान्याची वाट पाहू नये. आपल्या गावातल्या वीरगळी, शापवचने कोरलेल्या गद्धेगाळी, बारवा यांचे फोटो मापाची पट्टी ठेवून काढा, तारीख आणि गावाचे नाव मराठीत लिहा, आणि विकिमीडिया कॉमन्ससारख्या खुल्या परवान्याच्या जागी ठेवा. मूर्ती उचलून नेता येण्याजोगी असेल तर नेमका पत्ता मात्र जाहीर करू नका, तो पुरातत्त्व खात्याला कळवा.